कॉलेजच्या रेडिओचे श्रोते वाढवायचे आहेत, सुरुवात कुठून करावी?

सातपुडा_वारा

नमस्कार मंडळी. मी तापीच्या उत्तरेला, चोपडा-यावल पट्ट्यातल्या एका कॉलेजात मराठी शिकवतो. कॉलेजच्या नावावर कम्युनिटी रेडिओचा परवाना आहे आणि केंद्राचं काम माझ्याकडे आहे. ५० वॅटचा ट्रान्समीटर, गच्चीवर मनोरा, दोन खोल्यांचा स्टुडिओ आणि आळीपाळीने येणारी मुलं-मुली असा आमचा संसार. कागदावर आमचा आवाज दहा-बारा किलोमीटर जातो.

संस्थेच्या बैठकीत दरवर्षी एकच प्रश्न येतो, ऐकतं कोण? हा प्रश्न रास्त आहे. वीज, दुरुस्ती, मुलांचा चहा-नाश्ता, सगळ्याला पैसा लागतो. मला स्वतःलाही उत्तर हवं आहे, कारण मुलं मन लावून कार्यक्रम करतात आणि ते कुणाच्या कानावर पडतात हेच त्यांना कळत नाही.

आत्तापर्यंत दिसलेलं सांगतो. काही गावांत आवाज स्वच्छ येतो, त्यांच्या शेजारच्या गावात खरखर. कॉलेजातली मुलं स्वतः केंद्र ऐकत नाहीत, कारण त्यांच्या फोनमध्ये एफएम नाही. आमचं प्रसारण कॉलेजच्या वेळेत चालतं, म्हणजे ज्या वेळी निम्मा तालुका वावरात असतो. परीक्षा आल्या की मुलं गळतात. मे महिन्यात तर ट्रान्समीटरची खोली इतकी तापते की यंत्र आपणहून पॉवर खाली आणतं.

काही जण म्हणतात, मनोरा उंच करा, पॉवर वाढवा. काही म्हणतात, एफएम सोडा, मोबाईल ॲप काढा. माझा कल या दोन्हींकडे नाही. जे दहा किलोमीटर मिळालेत तेच आधी नीट भरावेत असं मला वाटतं. दहा किलोमीटर त्रिज्येचं वर्तुळ म्हणजे ३१४ चौरस किलोमीटर. एवढ्यात किती गावं, पाडे, वस्त्या येतात ते आपल्या भागातल्यांना सांगायला नको. पण हे करायचं कसं, यावर जाणकारांनी लिहावं.

---

अनेरकाठ

सर, मी हॅम (हौशी रेडिओ) परवानाधारक आहे आणि उमेदीची वर्षं रेडिओदुरुस्तीत गेली. पॉवरच्या नादी लागू नका हे तुमचं म्हणणं बरोबर आहे, त्याची कारणं देतो.

पहिलं म्हणजे नियम. कम्युनिटी रेडिओला १०० वॅट ईआरपीची, म्हणजे अँटेनातून बाहेर पडणाऱ्या प्रभावी पॉवरची, मर्यादा आहे. अपवाद म्हणून २५० पर्यंत परवानगी मिळू शकते, पण त्यासाठी गरज सिद्ध करावी लागते. अँटेना जमिनीपासून कमीत कमी १५ आणि जास्तीत जास्त ३० मीटरवर. परवानगीशिवाय यातलं काही बदलता येत नाही.

दुसरं, एफएमच्या लहरी जवळजवळ नजरेच्या रेषेत जातात. सपाट जमिनीवर पॉवर दुप्पट केली तरी पल्ला जेमतेम पाचव्या हिश्श्याने वाढतो. उलट अँटेनाची उंची १५ वरून ३० मीटर केली तर पॉवर चौपट केल्याइतका फरक पडतो. तुमचा मनोरा आत्ता किती उंचीवर आहे ते कळवा. तीसच्या आत असेल आणि परवान्यात जागा असेल, तर पैसा तिथे घाला.

तिसरं काम सगळ्यात स्वस्त आणि तेच कुणी करत नाही. ट्रान्समीटरपासून अँटेनापर्यंतची केबल तपासा. साधी आरजी-२१३ केबल ३० मीटर असेल तर जवळपास २ डेसिबल वाया जातात. म्हणजे खाली ५० वॅट टाकले तर वर साधारण ३१-३२ पोहोचतात. अर्धा इंची फोम केबल लावली तर ४२-४३ पोहोचतील. यानेही पल्ला फार वाढणार नाही, पण वर्तुळाच्या कडेच्या गावांत खरखर कमी होईल. आणि पावसाळ्यानंतर कनेक्टर उघडून बघाच. आत पाणी गेलं की एसडब्ल्यूआर, म्हणजे अँटेनाकडून परत फिरणाऱ्या पॉवरचं माप, चढतो आणि ट्रान्समीटर स्वतःला वाचवण्यासाठी पॉवर उतरवतो. उन्हाळ्यात तुम्ही जे बघता ते उष्णतेमुळे होतं, पावसाळ्यानंतर तेच पाण्यामुळे होऊ शकतं.

उत्तरेकडच्या पाड्यांबद्दल मात्र खोटी आशा देत नाही. सातपुड्याच्या सोंडेआड जो पाडा आहे तिथे तुमचा आवाज जाणार नाही, कितीही केबल बदला.

---

कपाशीचं_फूल

जिभाऊ, तुमना रेडिओ आमना गावमा साफ ऐकू येस. पन सकायले दहाले सुरू व्हस तवय आम्ही वावरमा राहतस.

पुढचं मराठीत लिहिते, सगळ्यांना कळावं म्हणून. वावरात असतो म्हणजे ऐकू शकत नाही असं नाही. निंदणीला, कापूस वेचायला आम्ही दहा-बारा जणी असतो. एकीकडे तरी बटणाचा फोन असतो. इअरफोनची वायर लावायची, कारण तीच त्या फोनची अँटेना, आणि स्पीकर चालू करून फोन रिकाम्या डब्यात ठेवायचा. आवाज बांधापर्यंत येतो. पण तेव्हा तुमच्याकडे काय लागलेलं असतं? स्पर्धा परीक्षेची तयारी, नाहीतर कुणाचं तरी भाषण. ते ऐकून हात चालत नाहीत.

संध्याकाळी सहा ते साडेसात चूल-गॅसपाशी असते. हात गुंतलेले, कान मोकळे. टीव्ही पुढच्या खोलीत, तिथे जाता येत नाही. ही वेळ बाईची आहे आणि त्या वेळी तुमचं केंद्र बंद असतं.

अजून एक सांगते. एकदा तुमच्या मुली आमच्या बचत गटात येऊन कानबाईची, म्हणजे आपल्या खान्देशातल्या देवीची, गाणी रेकॉर्ड करून गेल्या. कधी लावणार ते सांगितलं नाही. लागली तेव्हा आम्हाला कळलंच नाही. माझ्या सासूबाई महिनाभर विचारत होत्या, "मन्हं गानं लागनं का?" ज्या घरातला आवाज घेता त्या घराला लागण्याची वेळ सांगा. ते घर ऐकेल, भाऊबंदकी ऐकेल, माहेर ऐकेल. याच्याएवढी जाहिरात दुसरी नाही.

---

सातपुडा_वारा

ताई, हे फार मोलाचं लिहिलंत. रेकॉर्डिंगच्या दिवशीच त्या घरी तारीख आणि वेळ लिहून द्यायची, हा नियम या आठवड्यापासून लागू करतो. सासूबाईंचं गाणं पुन्हा लावू. दिवस तुम्ही सांगा.

अनेरकाठ, मनोरा गच्ची धरून चोवीस मीटरच्या आसपास आहे. केबल कोणती ते उद्या बघून लिहितो.

---

हॉस्टेल_दोन_नंबर

सर, मी तुमच्याच नाही पण जवळच्या कॉलेजचा विद्यार्थी आहे. मुलं ऐकत नाहीत यात मुलांना दोष देऊ नका. माझ्या फोनला इअरफोनचं भोकच नाही. बऱ्याच फोनमध्ये चिप असते पण कंपनी एफएम बंद ठेवते. २०२३ मध्ये केंद्राच्या माहिती-तंत्रज्ञान मंत्रालयाने फोन कंपन्यांना एफएम बंद ठेवू नका अशी सूचना काढली होती, पण हातातल्या जुन्या फोनला त्याचा काय उपयोग?

त्यामुळे इंटरनेटवर या. पूर्ण प्रसारण लाइव्ह नाही जमलं तरी रोजचा चांगला कार्यक्रम दहा मिनिटांचा करून गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाका. मुलं तो पुढे पाठवतील. मी रेडिओ लावणार नाही, पण माझ्या आजीचा आवाज असलेली क्लिप आली तर शंभर टक्के ऐकेन आणि चार जणांना पाठवेन.

---

उधना_रोड

मी मूळचा पारोळ्याचा, आता सुरतला. लिंबायत-उधना भागात खान्देशी माणूस किती आहे ते इथे येऊन बघा. कानबाईचा रोट इथेही होतो, आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, इथूनही गाड्या भरून गावाला जातात. या पोराचं म्हणणं खरं आहे. तुम्ही ऑनलाइन आलात तर इथे कारखान्यातून सुटलेला माणूस रात्री अहिराणी ऐकेल. आमच्या पोरांना बोली समजते, बोलता येत नाही. त्यांच्यासाठी तरी करा. तुमचं दहा किलोमीटरचं वर्तुळ मला मान्य आहे, पण त्या वर्तुळातली निम्मी माणसं पोटासाठी बाहेर गेलीत, त्यांना तुम्ही कुठे धरणार?

---

बाजारपेठ

माझं तालुक्याच्या गावी कापडाचं दुकान आहे. थोडी दुसरी बाजू मांडतो.

सुरतचा श्रोता माझ्या दुकानात येणार नाही. मी जाहिरात देईन ती आठवडे बाजाराला येणाऱ्या बाईसाठी. २०२४ च्या नव्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे कम्युनिटी रेडिओला तासाला १२ मिनिटं जाहिरात चालते, आधी ७ मिनिटं होती. सरकारी जाहिरातीचा दर १० सेकंदांना ५२ रुपये होता तो ७४ झाला. म्हणजे जागा आहे. पण तुमच्याकडून कुणी जाहिरात मागायला आला की हातात काहीच नसतं. किती जण ऐकतात? माहीत नाही. कोणत्या गावात? माहीत नाही. मग मी देणगी देतो तसे पाचशे रुपये देतो आणि विसरून जातो.

मला आकडा मोठा नको, खरा हवा. पंधरा गावांची यादी द्या, कोणत्या गावात आवाज स्वच्छ येतो, कोणत्या दुकानात, टपरीवर, सलूनमध्ये रेडिओ चालू असतो ते लिहून द्या. मी त्या गावांची नावं घेऊन जाहिरात करेन आणि गल्ल्यावर विचारेन, कुठून कळलं? महिन्याभरात तुम्हाला आणि मला दोघांना कळेल.

---

केळीबाग_यावल

धागा चांगला चाललाय, पण एक गोष्ट टोचते म्हणून लिहितो. अहिराणी, अहिराणी चाललंय. आमच्याकडे यावल-रावेरला घराघरात लेवा बोली आहे, वर पायथ्याला तडवी आणि पावरा आदिवासी वस्ती आहे. पावरी बोलणाऱ्या माणसाला अहिराणी कार्यक्रम तितकाच परका, जितका पुण्याचा. बोलीचा कार्यक्रम करायचा तर प्रत्येक बोलीला तिचा वार द्या आणि तो बोलणाऱ्यालाच माईकसमोर बसवा. कॉलेजातल्या मुलाने पावरीची नक्कल केली तर लोक हसतील आणि बंद करतील.

दुसरं, वेळेबद्दल. कपाशीचं फूल ताईंनी संध्याकाळ सांगितली, मी रात्र सांगतो. शेतीच्या विजेची रात्रपाळी असली की आम्ही बागेत मोटारीपाशी बसून असतो. थंडीत दहा ते दोन डोळ्याला डोळा नसतो. त्या वेळी कुणी केळीच्या करप्याबद्दल, थंडीत घडाची वाढ थांबते त्याबद्दल, खताच्या वेळेबद्दल बोललं तर कान देऊन ऐकू. पालला कृषी विज्ञान केंद्र आहे, जळगावला केळी संशोधन केंद्र आहे. तिथल्या माणसांना दिवसा रेकॉर्ड करा आणि रात्री लावा. मुलांना जागायची गरज नाही, संगणकावर वेळ लावून ठेवता येते ना?

---

अनेरकाठ

येते. ठरल्या वेळी कार्यक्रम आपोआप लावणारी, फुकट मिळणारी प्लेआउट सॉफ्टवेअर आहेत, एक जुना संगणक पुरतो. मात्र वीज गेल्यावर संगणक आणि ट्रान्समीटर आपोआप परत सुरू झाले पाहिजेत, तेवढी सोय आधी करा. आणि रात्री चालवायचं ठरलं तर कुणीतरी जबाबदार माणूस फोनवर हवा. परवाना कॉलेजच्या नावावर आहे, चुकीचं काही वाजलं तर उत्तर कॉलेजला द्यावं लागेल.

उन्हाळ्यातही रात्रीचं प्रसारण यंत्राला सोपं जाईल. दुपारी १ ते ४ बंद ठेवा, संध्याकाळी आणि रात्री पूर्ण पॉवरवर चालवा. पंचेचाळीस अंशात यंत्राला झिजवून कुणाचाच फायदा नाही.

---

नाना_भडगाव

मी वयाने मोठा आहे म्हणून थोडं मागचं सांगतो. १९५६ साली आकाशवाणीच्या पुणे केंद्राने युनेस्कोच्या मदतीने १५० गावांत रेडिओ ग्रामसभांचा प्रयोग केला होता. गावात गट करायचा, सगळ्यांनी एकत्र कार्यक्रम ऐकायचा, त्यावर बोलायचं आणि शंका केंद्राला लिहून पाठवायच्या. केंद्र पुढच्या कार्यक्रमात उत्तर द्यायचं. तेव्हा घरोघर रेडिओ नव्हते, गावात एक संच असायचा. आज तुमची स्थिती फार वेगळी नाही. फोन खूप आहेत, पण एफएम ऐकू येईल असे कमी.

म्हणून घराघरात श्रोता शोधू नका, गट शोधा. सकाळ-संध्याकाळ दूध डेअरीवर माणसं उभी असतात. सलूनमध्ये बसलेली असतात. पारावर, चहाच्या टपरीवर असतात. अशा ठिकाणी साधा, चांगला स्पीकर असलेला रेडिओ संच द्या. संच द्यायचा तो चालवणाऱ्याच्या नावाने आणि जबाबदारीने द्या, नाहीतर तो घरी जातो. आणि आठवड्यातून एकदा त्या ठिकाणच्या माणसांचा प्रश्न केंद्रावर घ्या, गावाच्या नावासकट.

सातपुड्याआडच्या पाड्यांसाठीही हाच मार्ग. लहर जात नसेल तर माणूस जाऊ द्या. रेकॉर्ड केलेला कार्यक्रम स्पीकरवर पाड्यावर ऐकवायचा, तिथे बसून चर्चा करायची, त्यांचं म्हणणं रेकॉर्ड करून आणायचं. कम्युनिटी रेडिओवाले याला नॅरोकास्टिंग म्हणतात. माझ्या मते ज्या पाड्याला आवाज पोहोचत नाही त्याचा हक्क जास्त आहे.

---

सातपुडा_वारा

नाना, तुमचं शेवटचं वाक्य मी केंद्राच्या बैठकीत जसंच्या तसं वाचून दाखवणार आहे.

सगळ्यांचं वाचून माझं काय ठरतंय ते लिहितो. पटलं नाही तर जरूर सांगा.

उधना रोड भाऊ, तुमची ओढ मला कळते. ऑनलाइन क्लिप आम्ही करू, आणि हॉस्टेलच्या मुलाने सांगितल्याप्रमाणे छोट्या करू. पण सुरतचे श्रोते आणि इथले श्रोते आम्ही एका बेरजेत धरणार नाही. क्लिप हजार जणांनी ऐकली आणि शेजारच्या गावात केंद्र माहीतच नाही, तर ते यश नव्हे. आमचा परवाना इथल्या समाजासाठी आहे. निम्मा कार्यक्रम तरी इथेच, इथल्या लोकांच्या सहभागाने तयार व्हावा, अशी अटच आहे. तेव्हा जीव इथे लावायचा, तयार झालेलं तुमच्यापर्यंत पाठवायचं.

बाजारपेठ, तुमच्यासाठी आणि आमच्यासाठी गावनिहाय नकाशा करतो. एनएसएसच्या (राष्ट्रीय सेवा योजनेच्या) मुलांना बटणाचा फोन आणि साधा रेडिओ संच घेऊन गावोगाव पाठवायचं. शाळेपाशी, पारापाशी आणि गावाच्या शेवटच्या घरापाशी ऐकायचं आणि स्वच्छ, खरखर, नाही यातलं एक लिहायचं. सोबत कोणत्या दुकानात रेडिओ चालतो तेही. तुम्हाला प्रत मिळेल, वाईट निकालासकट.

केळीबाग भाऊ, बोलींबद्दलचा तुमचा मुद्दा शंभर टक्के मान्य. सोमवारी अहिराणी, बुधवारी लेवा, शुक्रवारी पावरी असे वार ठेवता येतील. पावरा वस्तीतल्या काही मुली आमच्याकडे शिकतात, त्यांच्याशी बोलतो. वाराचा निवेदक त्याच बोलीचा असेल.

आता एक अडचण उरते, त्यावर अजून कुणी लिहिलं नाही. गुलाबाईची (भुलाबाईची) गाणी भाद्रपद-आश्विनात येतात, कानबाई श्रावणात. तेव्हा मुलं कॉलेजात असतात. आखाजी मात्र वैशाखात, ऐन सुटीत. सासुरवाशिणी माहेरी आलेल्या, झोक्यावर गाणी चाललेली, वर्षातला सगळ्यात भरलेला आठवडा, आणि आमच्या स्टुडिओला कुलूप. बाहेरून पाहुणे गायक बोलावून हे भरून निघत नाही. ती गाणी त्या झोक्यापाशीच घ्यावी लागतात. काय करावं?

---

कपाशीचं_फूल

मुलं नसली तर आम्ही आहोत ना. आमच्या गटातल्या दोघी-तिघींना फोनवर रेकॉर्डिंग कसं करायचं ते चैत्रातच शिकवा. वारा कसा टाळायचा, फोन तोंडापासून किती लांब धरायचा, एवढंच लागतं. गाणाऱ्या बाईची परवानगी कागदावर घ्यायची असेल तर कागद मराठीत आणि सोपा द्या. प्रत्येक गावात अशी एक बाई तयार केलीत तर तुम्हाला सुटीची चिंता नाही. आणि तिच्या गावात रेडिओ कोण ऐकतं तेही तीच सांगेल, मुलांच्या सर्व्हेपेक्षा बरोबर.

फक्त तिला प्रवासखर्च आणि थोडं मानधन द्या. बायकांचं काम फुकट धरायची सवय रेडिओने तरी लावू नये.

---

बाजारपेठ

आखाजीच्या आठवड्याचं मानधन मी देतो. साडीची जाहिरात त्या कार्यक्रमात लावा, दर नियमाने घ्या. नकाशाआधीच हो म्हणतो, कारण त्या आठवड्यात माहेरवाशीण दुकानात येतेच.

---

सातपुडा_वारा

ताई, मानधनाचं बरोबर आहे, ते अंदाजपत्रकात वेगळं लिहितो. बाजारपेठ, मनापासून आभार. प्राचार्यांच्या सहीचं पत्र घेऊन दुकानावर येतो.

अनेरकाठ, केबल बघितली. आरजी-२१३ च आहे आणि वरच्या कनेक्टरवर हिरवट गंज चढलाय.

---

अनेरकाठ

मग आधी तो कनेक्टर. ट्रान्समीटर बंद केल्याशिवाय कुणाला मनोऱ्यावर चढवू नका, सेफ्टी बेल्ट लावूनच चढवा आणि आभाळ आलेलं असेल तर तो दिवस सोडा. नवीन कनेक्टर बसवल्यावर सेल्फ-ॲमलगमेटिंग टेप गुंडाळा, साधी काळी टेप उन्हात वितळते. अर्थिंगचा रोध मोजायचं यंत्र माझ्याकडे आहे. रविवारी सकाळी मोकळा आहे, चालत असेल तर येतो.

---

सातपुडा_वारा

रविवारी आठला या. एनएसएसची चार मुलं बोलावतो. तुम्ही काम करताना त्यांनी शिकून घ्यावं, म्हणजे पुढच्या पावसाळ्यानंतर तेच तपासतील.